ब्रीनाच्या तोंडातली डहाळी

मंगळवार, २८ ऑक्टोबर

जे घडलं ते क्रमाने.

१. १६ ऑक्टोबरला सकाळी सहा वाजता मादी क्रमांक ९ च्या गळपट्ट्याने शेवटचं ठिकाण कळवलं. रात्री दहाचा संदेश आला नाही. त्यानंतर एकही आला नाही.

२. १९ ला मी त्या ठिकाणी जाऊन आले. काही सापडलं नाही.

३. २४ ला गळपट्टा मोठ्या रस्त्याच्या पुलाखाली, ओढ्यात सापडला. तो तुटलेला नव्हता, सुरीने कापलेला होता.

४. २५ ला मादी सापडली. पुलापासून तीनशे मीटरवर, चुनखडीच्या एका खोल खड्ड्यात, फांद्यांखाली. एकच गोळी, डाव्या खांद्यामागून. खाली जमिनीवर रक्त नव्हतं, म्हणजे दुसरीकडे मारून इथे आणली.

५. तिच्या दातांत फर झाडाची डहाळी होती. कापलेली नाही, हाताने मोडलेली.

६. २६ ला मी प्रकल्पप्रमुख अल्योशाला फोटो पाठवले. पोलिसांना कळवते म्हटलं. तो म्हणाला, थांब. मादी सध्या आमच्या केंद्राच्या फ्रीझरमध्ये आहे.

७. २७ ला अल्योशाने वर अहवाल पाठवला : ‘गळपट्टा बंद. संभाव्य कारण : बॅटरी.’ फोटो जोडलेले नाहीत. अहवालाखाली माझंही नाव आहे.

८. मादीला दोन पिल्लं होती, वय पाच महिने. ती कुठे आहेत माहीत नाही.

अहवालात हे लिहू दिलं नाही म्हणून या वहीत लिहिते आहे. दोन वर्षं मी या राखीव जंगलातल्या लिंक्स, म्हणजे कानांच्या टोकांवर केसांचे झुपके असलेल्या मोठ्या रानमांजरी, मोजते. झाडांना बांधलेले अडतीस कॅमेरे, अंगावरच्या ठिपक्यांवरून पटवलेली ओळख, चार माद्यांच्या गळ्यात पट्टे. त्यातले एकतीस कॅमेरे रावनी लाझ गावच्या शिकारी मंडळाचे लोक सांभाळतात. बॅटऱ्या बदलतात, कार्डं आणून देतात. मादी ९ ला त्याच मंडळातल्या कोणीतरी मारलं आहे. हा अंदाज नाही. डहाळीवरून म्हणते.

हरीण किंवा रानडुक्कर पडलं की इथला शिकारी त्याच्या तोंडात डहाळी ठेवतो. शेवटचा घास म्हणतात त्याला. चोरून मारणारा हे करत नाही, परगावचा माणूस करत नाही. मंडळाचा माणूसही फक्त खुरांच्या जनावराला देतो. खोकडाला देत नाही, कोल्ह्याला देत नाही, लिंक्सला द्यायचा तर प्रश्नच नाही, तिची शिकार कायद्याने बंद आहे. मग हिला का दिली? मला एकच कारण दिसतं. थट्टा. मारलं आणि वर मान दिल्याचं नाटक केलं.

आज मोजमापं लिहिताना दोनदा चुकले. माझ्या हातून असं होत नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

मी लुद्विक तेकावेत्स यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. वय शहात्तर, बायको जाऊन सहा वर्षं झाली. मंडळातले सर्वांत जुने शिकारी. माझ्या आधी दहा वर्षं या जंगलातल्या लिंक्स तेच मोजत होते, कॅमेऱ्याशिवाय, बर्फातल्या पावलांवरून. नुसता फोटो बघून कोणती लिंक्स ते सांगायचे. ब्रीना हे मादी ९ चं नाव त्यांनीच ठेवलं. मी नाव वापरत नाही. नाव ठेवलं की मोजणी बिघडते.

आज न्याहारीला कुट्टूच्या पिठाची उकड आणि कॉफी. त्यांनी कॉफी ओतली ती अर्धी कपात, अर्धी टेबलावर.

‘टेबल वाकडं झालंय,’ म्हणाले.

मी फडक्याने पुसलं. टेबल सरळ आहे.

‘पोरी, पाच महिन्यांचं पिल्लू आईविना किती दिवस काढतं?’

‘काका, आई नाही असं कोण म्हणालं? गळपट्टा बंद आहे, एवढंच.’

‘तेच म्हणतोय मी. समजा बंद आहे.’

गावात सगळे तिला मेलेलीच धरून चालले आहेत. बातमी कुठून फुटते कळत नाही. मी उत्तर दिलं, कारण प्रश्न तांत्रिक होता. पाच महिन्यांचं पिल्लू स्वतः शिकार करत नाही. उंदीर, एखादा पक्षी, फार तर. बर्फ पडायच्या आत कोणी मांस दिलं नाही तर मरतं.

‘आयतं ठेवलेलं खातं?’

‘ताजं असेल तर. आणि उघडलेलं असेल तर. चामडी फाडायचं त्यांना अजून जमत नाही. आई आधी मागची मांडी आतल्या बाजूने उघडून देते.’

‘आतल्या बाजूने,’ ते म्हणाले आणि मान हलवली. नंतर बराच वेळ कपाकडे बघत बसले. म्हातारी माणसं अशी बसतात.

कालच्या कार्डातला एक फोटो त्यांना दाखवला. म्हणाले, ‘ही ब्रीना.’ तो नर होता, क्रमांक ४. पूर्वी अशी चूक करत नव्हते. आता लक्षच देत नाहीत. मला राग आला.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

मादीचा वावर एकशे तीस चौरस किलोमीटरमध्ये होता. पिल्लं आईने सोडलेल्या जागेच्या आसपास राहतात. ती जागा म्हणजे जिथे तिला गोळी लागली त्याच्या जवळपास कुठेतरी. ते ठिकाण एकाच माणसाला माहीत आहे आणि तो गप्प आहे. तो जितके दिवस गप्प राहील तितके दिवस पिल्लं उपाशी. हिशेब इतका सोपा आहे.

माझा संशय मिरान क्नाव्हसवर होता. मंडळातला सर्वांत तोंडाळ. वसंतातल्या सभेत तोच म्हणाला होता की दोन लिंक्स मिळून अख्ख्या मंडळापेक्षा जास्त हरणं खातात. संध्याकाळी खानावळीत गाठला.

‘काय गं तिंकारा, मांजर हरवली म्हणे तुझी?’

‘लिंक्स.’

‘तेच ते. दारात बशीभर दूध ठेव, येईल घरी.’

बाकीचे हसले. मी विचारलं, ‘सोळा तारखेला संध्याकाळी कुठे होतास?’

हसणं थांबलं. मिरानने ग्लास खाली ठेवला. ‘आता पोलीसपण तूच का? मंडळात आलेल्या तुमच्या अहवालात बॅटरी संपली असं वाचलं मी. बॅटरी संपली त्या दिवशी मी कुठे होतो ते कशाला हवंय तुला?’

माझ्याच नावाचा अहवाल त्याने माझ्या तोंडावर मारला.

‘सांगतो, सांगतो. बायकोजवळ होतो. बावीस तास कळा देत होती. खोटं वाटत असेल तर तिला विचार, त्या दिवशी तिने मला घातलेल्या शिव्या तिला अजून पाठ आहेत.’

परत येताना त्याच्या घरावरून आले. बाळ जन्मलं की मित्र अंगणात उभा करतात तो लाकडी करकोचा, दोरीवर बाळाचे कपडे, पाटीवर जन्मतारीख. १६ ऑक्टोबर. दोन आठवडे मी रोज त्यावरून जाते आहे. तारीख वाचली नव्हती.

रविवार, २ नोव्हेंबर

शिकाऱ्यांच्या संताची प्रार्थना. दरवर्षी जंगलातल्या मोकळ्या जागेत होते, समोर फरच्या फांद्यांवर वर्षातलं एक हरीण ठेवतात. अल्योशाने जायला सांगितलं होतं. २१ तारखेला मंडळाबरोबरच्या कराराचं नूतनीकरण आहे, ‘तोंड दाखवून ये.’ दाखवलं.

मंडळाच्या अध्यक्षांनी भाषण केलं. निसर्ग, जबाबदारी, आमच्या हातात सोपवलेली जनावरं. सव्वीस टोप्या होत्या. मी एकेक चेहरा बघत होते आणि मनात म्हणत होते, तुमच्यातला एक. अध्यक्ष ‘आमच्या लिंक्स’ म्हणाले तेव्हा मला उठून ओरडावंसं वाटलं की एक फ्रीझरमध्ये आहे, तिलाही आणा, तिच्या पुढेही प्रार्थना करा.

हरणाच्या तोंडात डहाळी ठेवण्याचा मान गेली एकतीस वर्षं लुद्विककाकांचा आहे. आज त्यांनी नाही म्हटलं. खांदा दुखतो. त्यांची रायफलही बरोबर नव्हती, दुरुस्तीला दिली म्हणाले. मग मिरान पुढे झाला, खिशातून सुरी काढली आणि फरची फांदी कापली.

काका मागून इतक्या मोठ्याने ओरडले की पाद्रीही दचकला.

‘कापतात होय रे गाढवा! मोडायची असते. हाताने. किती वर्षं सांगतोय!’

‘मेलेल्या हरणाला काय फरक पडतो, काका?’

‘तुला पडायला हवा.’

मिरानने कधीच मोडली नसती. करकोच्यावरून माझी खात्री झाली होतीच, आता दुसरा पुरावा. म्हणजे पाच दिवस मी चुकीच्या माणसाचा राग केला. राग काही कमी झाला नाही, त्याला आता बसायला जागा नाही, एवढंच. जुन्या पद्धतीने डहाळी मोडणारे मंडळात आठ-नऊ तरी असतील. यादी केली आहे. काकांना विचारून एकेकाची सोळा तारीख तपासावी असं ठरवलं आहे. ते सगळ्यांना ओळखतात.

सोमवार, ३ नोव्हेंबर

काकांना यादी वाचून दाखवली. डहाळीचं सांगितलं नाही, फक्त कोण कुठे होतं ते विचारलं. एकेका नावाला ‘हा नाही’ म्हणाले. आठही नावांना. मी म्हटलं, काका, असं सरसकट कसं सांगता? म्हणाले, ‘मला माहीत आहे म्हणून.’

आपल्या माणसांना पाठीशी घालतात. त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अल्योशाशी फोनवर वीस मिनिटं.

‘एकवीस तारखेपर्यंत थांब. करार झाला की आपण सगळं पोलिसांना देऊ.’

‘तोपर्यंत पिल्लं मरतील.’

‘पोलिसांत गेलीस तर पोलीस पिल्लं शोधणार आहेत का?’

‘गोळी कुठे झाडली ते शोधतील.’

‘आणि मंडळ दुसऱ्या दिवशी एकतीस कॅमेरे उतरवेल. मग पुढच्या वर्षी तू काय मोजणार आहेस? हवा? एका मेलेल्या मादीसाठी उरलेल्या सगळ्यांवरचे डोळे काढून घ्यायचे?’

या युक्तिवादात चूक सापडत नाही, म्हणूनच जास्त चीड येते. मी म्हटलं, निदान त्या अहवालातून माझं नाव काढ. तो म्हणाला, ‘तिंकारा, तू हुशार आहेस, पण तुला माणसांत राहता येत नाही.’ मी फोन ठेवला. पोलिसांना मात्र मीही केला नाही. हे इथे लिहिलं पाहिजे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पिल्लं जिवंत आहेत.

हृब टेकडीच्या उत्तर उतारावर, जुन्या लाकूडवाटेच्या कडेला, चिखलात पंजे. दोन वेगळ्या मापांचे. एक पाच सेंटिमीटर आठ मिलिमीटर, दुसरा साडेपाच. ताजे.

त्यांच्यापासून चाळीस मीटरवर बीच झाडाच्या खोडाला तारेने बांधलेला हरणाचा मागचा पाय. थोडा खाल्लेला.

कोणीतरी आमिष ठेवलं आहे. आई मारून पोट भरलं नाही, आता पिल्लांना विष. तार इतकी घट्ट पिळली होती की पक्कड लागली. मी मांस काढलं, पिशवीत घातलं, आसपासचे तुकडेसुद्धा वेचले. नमुना पशुवैद्यक प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मैत्रिणीकडे पाठवला. खोडासमोर एक जादा कॅमेरा लावला. त्याची नोंद कुठेच केलेली नाही, म्हणजे मंडळात कोणाला कळणार नाही. आमिष लावणारा परत येईलच.

खाली उतरताना इतकी संतापले होते की दोनदा घसरले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज काकांना सांगितलं. कोणाला तरी सांगायला हवं होतं.

ते चुलीजवळ बूट वाळवत होते. सध्या सकाळीच कुठेतरी जाऊन येतात, बूट रोज ओले असतात. मी म्हटलं, ‘काका, पिल्लं सापडली. दोन्ही.’

ते उभे राहिले. ‘बघितलीस?’

‘पंजे बघितले. आणि वेळेवर पोहोचले. कोणीतरी त्यांच्यासाठी विषारी मांस बांधून ठेवलं होतं. मी सगळं उचलून आणलं.’

‘सगळं?’

‘तुकडाही ठेवला नाही. उद्या परत ठेवलं तर परत उचलेन.’

त्यांनी हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाले, ‘पोरी, आधी विचारायचं होतंस.’

‘कोणाला विचारायचं? विष ठेवणाऱ्याला?’

त्यांनी ओले बूट तसेच पायात घातले आणि बाहेर गेले. काठी विसरले. मी दारापर्यंत नेऊन दिली तर घेतली नाही, मला ओलांडून गेले, जणू दिसलेच नाही.

मी पिल्लांचा जीव वाचवला आणि घरात एकाही माणसाला त्याचं काही नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कॅमेऱ्यात कोणी नाही. आमिष ठेवणारा सावध झाला. पिल्लंही नाहीत.

गावात संत मार्टिनचा दिवस, घरोघरी हंस भाजताहेत. काका चार दिवस जेवायला बहिणीकडे जातात. सकाळी मी उठायच्या आत निघतात.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मैत्रिणीचा फोन. विष नाही. कोणत्याच चाचणीत नाही. हरीण गाडीखाली आलेलं, मांडीचं हाड आतून पिचलेलं. पाठवलं तेव्हा मांस फार तर एक दिवसाचं होतं, माणसानेही खाल्लं असतं.

ती पुढे म्हणाली, ‘एक गंमत सांगू? चामडी सुरीने उघडली आहे, पण खाटकासारखी नाही. मांडीच्या आतल्या बाजूने. असं कोण कापतं?’

मी फोन ठेवला आणि ही वही उघडली.

रस्त्यावर हरीण मेलं की पोलीस ज्या माणसाला उचलायला बोलावतात तो मंडळात एकच आहे. मांडीच्या आतल्या बाजूचं मी एकाच माणसाला सांगितलं होतं. तारीख वहीत आहे, मागे जाऊन बघितली. २९ ऑक्टोबर. त्याच पानावर टेबलावर सांडलेली कॉफी आहे. नर ४ ला ब्रीना म्हणणं आहे. ‘आईविना किती दिवस काढतं’ आहे. सगळं मीच लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात, आणि शेजारी शेरा मारला आहे की म्हातारी माणसं अशी बसतात.

काकांना नीट दिसत नाही. सोळा तारखेच्या संध्याकाळी मचाणावरून खाली काहीतरी हललं असेल. दहा वर्षांपूर्वी इथे कोल्हा नव्हता, आता पोत्याने आहेत, मंडळ त्यांना मारायला सांगतं. त्यांनी कोल्हा मारला. खाली उतरून हात लावला तेव्हा कळलं असेल. कानाच्या टोकावरच्या केसांवरून, गळपट्ट्यावरून.

मग डहाळी मोडली. थट्टा नव्हती ती. दोन आठवडे मी थट्टा म्हणत होते.

मला वाटलं होतं हे कळलं की राग जाईल. गेला नाही. दुप्पट झाला. दृष्टी गेली हे माहीत असताना मचाणावर चढलेच कशाला? पट्टा कापून ओढ्यात टाकवला तरी कसा? रोज सकाळी माझ्यासमोर बसून उकड खाल्ली. मी एकेक नाव वाचत होते आणि ते ‘हा नाही’ म्हणत होते. खोटं नव्हतंच त्यात.

आणि मी. पाच दिवस पिल्लांच्या तोंडचं मांस माझ्या पिशवीत होतं.

मंडळाच्या शीतगृहातून हरणाचा पुढचा पाय मागून घेतला. मिरानकडे चावी होती. त्याने विचारलं, ‘मांजरीला?’ मी हो म्हटलं. यावेळी तो हसला नाही, स्वतःच पाय उचलून गाडीत ठेवला. मी तो त्याच खोडाला बांधला. चामडी मी आतून उघडली. नीट जमलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कॅमेरा, आज पहाटे ६ वाजून ४१ मिनिटं. एक पिल्लू. लहान पंजाचं. बरगड्या दिसतात. खातं.

दुसरं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

कॅमेरा, सकाळी ७ वाजून ५२ मिनिटं. लुद्विककाका. पाठीवर पोतं. पोतं खाली ठेवतात, गुडघ्यावर बसतात आणि मी बांधलेला पाय हाताने चाचपतात. बोटं चामडीवरून, चीर कुठे आहे ते शोधत. सापडल्यावर हात तिथेच ठेवून बसतात. सात फोटोंमध्ये तसेच आहेत. एकदाही खाली बघत नाहीत. बघून उपयोग नाही, म्हणून.

शिकार केली की टोपीवर खोचतात ती डहाळी नाही.

हे सात फोटो पुरावा आहेत. पुसायचे तर आत्ताच पुसायला हवेत, प्रकल्पाच्या साठवणीत टाकले की पुसता येत नाहीत. मी पुसले नाहीत. साठवणीत टाकले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

हवामानखात्याने शुक्रवारपासून बर्फ सांगितला आहे. कालही कॅमेऱ्यात एकच पिल्लू होतं.

काल दिवसभर समोरासमोर बोलायचं ठरवत होते. खालच्या दारापर्यंत दोनदा गेले. समोर बसले तर मी ओरडेन, किंवा ते रडतील, आणि जे विचारायचं ते राहून जाईल. म्हणून पत्र लिहिलं. कोऱ्या कागदावर, जाड पेनाने, मोठ्या अक्षरात. चार कागद लागले. दाराखालून सरकवायच्या आधी त्याची नक्कल इथे.

लुद्विककाका,

ब्रीनाला तुम्ही मारलंत. मला ते १२ तारखेला कळलं. कसं कळलं ते तुम्हाला माहीत आहे.

मुद्दाम मारली नाहीत हे मला पटलं आहे. पण दिसत नव्हतं आणि तरी रायफल उचललीत, याची माफी माझ्याकडे मागू नका. ती मी देऊ शकत नाही आणि मला द्यायची नाही. पिल्लं कुठे आहेत हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी एकशे तीस चौरस किलोमीटर तुडवत होते आणि तुम्ही मला उकड वाढत होतात. याचा राग मला बहुतेक कायम राहील.

तुम्ही ठेवलेलं मांस खाऊन ती ७ तारखेपर्यंत जगली. हे खरं आहे म्हणून लिहिते. ७ ते १२ या दिवसांत ती उपाशी राहिली ती माझ्यामुळे. मी विचारलं नाही. हे माझ्या जबाबात मी स्वतः लिहिणार आहे. बॅटरीच्या अहवालाखाली माझं नाव आहे, तेही लिहिणार आहे.

शुक्रवारी, २१ तारखेला, सकाळी नऊ वाजता मी सगळे फोटो आणि ही वही घेऊन पोलीस ठाण्यात जाणार आहे. करार त्याच दिवशी दुपारी आहे. झाला तर झाला.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक. ८ ते १२ तारखांना तुम्ही मांस दुसरीकडे कुठे ठेवलं होतं का? ठेवलं असेल तर मोठ्या पंजाचं पिल्लू तिकडे गेलेलं असू शकतं. जागा नक्की सांगा. बर्फाच्या आत मला तिथे पोहोचायचं आहे.

दोन. शुक्रवारी तुम्ही माझ्याबरोबर येणार का? तुम्ही स्वतः सांगितलंत तर मला तुमचं नाव लिहावं लागणार नाही. गाडी मी चालवेन.

तीन. पिल्लांना मार्चपर्यंत मांस लागेल. तुमचा परवाना जाईल, पण मांस वाहायला परवाना लागत नाही. वाट तुम्हाला पाठ आहे. कापायचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. तुम्ही नेणार की मी दुसरं कोणी बघू?

माझ्यासमोर बोलायचं नसेल तर कागदावर लिहून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवा. अक्षर कसंही असलं तरी मी वाचेन.

उत्तर गुरुवारी, २० नोव्हेंबरला, संध्याकाळी सहाच्या आत द्या. पहिल्या प्रश्नाचं आजच द्या.

तिंकारा